चार आण्यांचा मानकरी

आमच्या मंगळवार पेठेत कुठल्याही चौकाला कुणाचं तरी नाव द्यायची टूम निघाली की मी एकच नाव सुचवतो: कृष्णात कुकरवाला. लोक हसतात. हसू देत. ज्यांच्या पाट्या लागल्यात त्यातल्या निम्म्यांच्या विरोधात मी उपोषणाला बसलोय, त्यामुळं कोण किती वजनाचा हे मला कुणी शिकवू नये. शाळा मी सातवीत सोडली. माणूस ओळखायला तेवढी पुरते.

कृष्णातचं दुकान म्हणजे गटारीवर टाकलेली एक फळी आणि वर पत्रा. कुकर, स्टो, मिक्सर, बायकांच्या शिव्या, सगळं तिथं दुरुस्तीला येतं. स्वभावानं असा की पंगतीत भात वाढत वाढत वाढपी त्याच्यापाशी आला की नेमका भात संपतो, आणि हा वाढप्यालाच म्हणतो, "ऱ्हाऊ दे, दमला असशील." लग्नाच्या फोटोत त्याचा कान येतो, तोंड येत नाही. एवढं सगळं तो सोसतो. एकच गोष्ट त्याला सोसत नाही. कार्याला बोलावलं नाही तर तो जात नाही, आणि बोलावलं नाही म्हणून त्याला झोपही येत नाही.

त्याची आत्या बयाबाई. देवळाबाहेर चपला सांभाळायची. जोडाला चार आणे. शेजारचे स्टँडवाले दोन रुपयांवर गेले तरी ही आपली चार आण्यांवर. तोंड असं, की हरवायची चपलांची छाती नव्हती. कुणी रुपया दिला तर तो घरखर्चाला, चार आणे दिले तर ते गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यात. बँकेत टाक म्हटलं तर म्हणायची, "बँकेत बघाय गेलं की म्हंत्यात ह्यो कागद बघा. कागद बघाय मी काय वकील हाय?" पुढं सरकारनं चार आणे बंद केले. तिनंही स्टँड बंद केला. "माझा भावच काढून घेतला, आता मागू काय?" असं म्हणून घरात बसली, ती दोन वर्षांमागं घरातनंच वर गेली.

तिला मूलबाळ नव्हतं. वारस दोन भाचे. थोरला विजयसिंह, धाकटा कृष्णात, दोघं चुलत भाऊ. विजयसिंह हा सोसायटीचा माजी चेअरमन. बोलणं जिलबीसारखं, गोड आणि वाकडं. तेराव्याची भांडी घासायच्या आत त्यानं वाटणी उरकली.

"कृष्णात, तू लहान. घराचा फाळा, पत्रं, पाण्याचं बिल, ही कटकट मी घेतो. तू रोख रक्कम घे."

'रोख' ऐकून कृष्णातला भरून आलं. सही केली, वर दादाच्या पाया पडला. संध्याकाळी रोख रक्कम टेम्पोतून आली. तेलाचे डबे. उतरवताना हमालानं विचारलं, "आत खिळं हाईत काय?"

कृष्णातची बायको मोना. तिनं पहिल्याच डब्यात हात घातला, मूठ उघडून बघितली आणि म्हणाली, "ही व्हय रोख? ह्यापरास शेंगदाणं आस्तं तर भाजून तरी खाल्लं आस्तं."

मला कळलं तसा मी भोंगा घेऊन विजयसिंहाच्या दारात. 'आत्याचं घर, कुणाच्या घशात?' अशी घोषणा होती. यमक जुळत नव्हतं, पण आवाज चांगला लागला होता. कृष्णात मागनं माझा सदरा ओढत होता, "लीडर, ऱ्हाऊ दे. दादा हाय त्यो." शेवटी विजयसिंह गॅलरीत आला आणि कृष्णातकडं बोट करून म्हणाला, "हितनं पुढं माझ्या दारात कार्य निघालं तर तुला सांगावा न्हाय." आणि आत गेला. मी म्हटलं, पळाला! जिंकलो! आजही म्हणतो, मी बरोबरच होतो.

कृष्णात मात्र रस्त्यावरच बसला.

"तेजीच्या सुपारीला बी न्हाय बोलवायचा?"

तेजी म्हणजे विजयसिंहाची मुलगी तेजस्वी. कृष्णातला पोरबाळ नाही. तेजीला बालवाडीपासनं सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडली ती ह्यानंच. आणि आमच्यात लग्न ठरलं की आधी सुपारी फुटते. ती फुटताना जो बसला तो घरचा, जो नाही बसला तो गावचा. लग्नाला काय, हजार माणूस येतं.

तर आता ह्या डब्यांचं करायचं काय? आधी बँकेत गेलो. मी पुढं, कृष्णात डबा घेऊन मागं. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "ही नाणी चलनात नाहीत. मुदत कधीच संपली."

"मुदत संपायला हे काय दूध हाय?" मी आवाज चढवला. साहेबानं केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. तत्त्वाचा प्रश्न चहानं सुटत नसतो, पण चहा चांगला होता.

मग भंगारवाला सयाजी. त्यानं डब्यात डोकावून हात जोडले. "नाणी वितळवायला कायद्यानं बंदी हाय. आनि लीडर, गेल्या साली माझ्याविरुद्ध अर्ज कुणी दिलता? तुम्हीच की! आता तुमच्यासमोर मी बेकायदेशीर काम करू व्हय?"

मग फोनवर कुणीतरी भेटला. चार आण्याच्या एका नाण्यावर गेंडा असतो, त्या गेंड्याचे लाख रुपये मिळतात म्हणाला. आधी नोंदणीची फी भरा म्हणाला. त्याला मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही, पण त्यानंतर त्याचा नंबर लागत नाही.

शेवटी मोनाच म्हणाली, "निवडा तरी. ढिगात काय हाय त्ये तरी कळंल." माडीवर चटई पसरली, शेंगा चाळायची चाळण आणली. मोना चाळायची, मी आणि कृष्णात निवडायचो. पाकळ्यांच्या काठाचे दहा पैसे, हाताला कागदासारखे लागणारे पाच पैसे, सहा कोनांचे वीस पैसे. त्यात सदऱ्यांची बटणं, चपलांचे अंगठे, स्टँडचे पत्र्याचे बिल्ले. एके दिवशी चाळणीत सोन्यासारखं काहीतरी चमकलं. मोनानं चटकन दाताखाली धरलं. वरचा कागद तेवढा सोनेरी, आतलं चॉकलेट आत्याच्या तरुणपणातलं. कुठल्यातरी पोरानं देवाला ठेवायच्या ऐवजी आत्याला दिलं असणार, आणि आत्यानं हिशेबात धरलं असणार.

कृष्णात नाण्यांची उतरंड लावायचा. गेंडे वेगळे, त्यातले चकचकीत वेगळे. एखादं फार झिजलेलं निघालं की बनियनला घासायचा, उजेडाला धरायचा आणि हळूच गुळगुळीत नाण्यांत ठेवायचा.

"कशाला पुसतोयस? कोण घेणार हाय?" मी विचारायचो.

"आत्यानं एवढं उन्हात बसून सांभाळलंय. तसंच टाकू व्हय?"

आणि मग तेजीची सुपारी ठरली. पाव्हणे वारणानगरकडचे. पेठेत घराघरात सांगावा गेला. मलाही आला. भोंगा घेऊन दारात गेलेल्याला सांगावा आणि दांडीवर बसवून शाळेत सोडणाऱ्याला नाही! मी म्हटलं, बहिष्कार घालू. कृष्णात म्हणाला, "नगं. तू जा. पोरीनं कसलं लुगडं नेसलंय, पाव्हणं कसं हाईत, सगळं बघून ये आनि मला सांग." एवढं बोलून तो माडीवर गेला आणि चाळण हालायचा आवाज यायला लागला.

गेलो. मांडव झकास होता. पाव्हण्यांत नवऱ्या मुलाचे आजोबा गणपतराव, फेटा असा की खाली माणूस आहे हे नंतर दिसावं. पाटावर ताट आलं. पानं, सुपारी, हळदकुंकू, वर करकरीत अकराशे एक रुपये. गणपतरावांनी ताटाकडं बघितलं, मग विजयसिंहाकडं.

"सव्वा रुपया कुठाय?"

"आजोबा, अकराशे एक ठेवलेत की."

"त्ये दिसतंय मला. आमच्यात सुपारी सव्वा रुपयावर फुटत्या. माझी फुटली, माझ्या पोरांची फुटली."

विजयसिंहानं हळूच आणखी पाचशेची नोट सरकवली.

"लाच देताय व्हय पावणं?"

एका पोरानं फोन काढला. "आजोबा, एक रुपया पंचवीस पैसे फोनवर पाठवतो. बरोब्बर जातंय."

"आनि सुपारी काय फोनवर फोडू?"

पळापळ सुरू झाली. पूजेच्या दुकानात गेलेला माणूस हात हलवत आला, चार आणे संपलेत. शेजारच्यांचे देव्हारे धुंडाळले, कुठं आठ आणे निघाले, कुठं नुसती सुपारी. गणपतराव फेटा सावरून मांडी बदलायला लागले. उठायची तयारीच ती. आतल्या दारातून तेजी बघत होती, तिचं काजळ खाली उतरायला लागलं होतं.

मी उठून उभा राहिलो. मग मांडवभर ऐकू जाईल असं म्हणालो, "चार आणे पेठेत एकाच घरात हाईत. पण डबं भरून हाईत."

विजयसिंहाचं तोंड बघण्यासारखं झालं. दुसऱ्याला पाठवून भागणार नाही हे त्यालाही कळलं. फेट्यासकट निघाला. मागं मी, माझ्या मागं निम्मा मांडव.

माडीवर कृष्णात बनियन आणि अर्ध्या चड्डीत चटईवर बसलेला. विजयसिंह जिन्यातच थांबला.

"कृष्णात... एक चार आणे हाय काय रं?"

कृष्णातनं वर बघितलं. "कुठलं देऊ दादा? गेंड्याचं का त्याच्या आधीचं?"

"कुठलं बी दे."

"कुठलं बी कसं? तेजीचं कार्य हाय." त्यानं एक उचललं. "ह्येची कड झिजल्या." दुसरं उचललं. "ह्येला डाग हाय." तिसरं बनियनला घासलं, उजेडाला धरलं, परत ठेवलं.

मी त्याच्या कानाशी लागलो. "आत्याच्या घराची निम्मी वाटणी लिहून घे. आत्ता. कागद मी आणतो."

"गप की लीडर."

विजयसिंहानं खिशातनं नोट काढली. "ही घे बदल्यात."

"चार आण्याला चार आणे, दादा. जास्ती कशाला?" आणि पुन्हा निवडायला लागला. डोळे नाण्यांवर, पण कान दादाकडं. तो एकाच शब्दाची वाट बघत होता, आणि तो शब्द विजयसिंहाच्या तोंडातनं निघत नव्हता.

"आरं, पावणं उठाय लागल्यात रं!"

तेजीच्या सुपारीवरनं पाव्हणे उठणार म्हटल्यावर कृष्णातचं बळ संपलं. चकचकीत गेंडा उचलून त्यानं हात पुढं केला. आणि मोनानं मनगट धरलं.

"थांबा. आत्याबाईंचं नाणं हाय. आमच्यात त्ये मोकळं जात न्हाय."

"म्हंजे?" विजयसिंह.

"ज्येच्या वाटणीचं त्येनं स्वतः न्ह्यायचं, त्येनंच ताटात ठेवायचं, आनि सुपारी फुटंस्तवर तिथंच बसायचं. न्हायतर बाधतंय."

"ही रीत कवाची?"

"आत्याबाई सांगून गेल्यात."

आत्या मरताना फक्त पंख्याचा वेग वाढवा म्हणाली होती, मी तिथंच होतो. असल्या बनावट रितींविरुद्ध मी आयुष्यभर घसा फोडलाय. तोंड उघडलं. मोनानं माझ्याकडं बघितलं. तोंड मिटलं.

खाली रस्त्यावरनं कुणीतरी ओरडलं, "चेअरमन, आजोबा चप्पल शोधाय लागलं!"

"बरं, मग चला," विजयसिंह भिंतीकडं बघून म्हणाला.

"चला म्हंजे? कुणाला? लीडरला का डब्यांना?" मोना.

विजयसिंहानं फेटा काढला, कपाळ पुसलं. "कृष्णात. चल. तेजीच्या सुपारीला चल. मोना, तू बी ये."

"पँट घालून आलोच," कृष्णात म्हणाला, आणि चाळणीला पाय लागून पडता पडता वाचला.

मांडवात त्यानं दोन्ही हातांनी नाणं ताटात ठेवलं, शेजारी रुपया. गणपतरावांनी ते उचलून डोळ्यांजवळ नेलं. "गेंडा हाय. ब्येस. आनि ह्यो कोण?"

विजयसिंह म्हणाला, "धाकटा भाऊ माझा."

"भाऊ? मग मगाधरनं कुठं हुता?"

मी उत्तर द्यायला उभाच राहत होतो, भरपूर साठलं होतं. पण कृष्णातच बोलला.

"नाणं निवडत हुतो, आजोबा. चांगलं सापडंना."

सुपारी फुटली. तेजी बाहेर आली, बापाच्या पाया पडली आणि तिथनं सरळ काकाच्या. कृष्णातला त्या दिवशी भात मिळाला की नाही मला आठवत नाही, कारण तो काही खाण्याच्या अवस्थेत नव्हता.

बातमी फिरली. पेठेत, मग पेठेबाहेर. कुणाची सुपारी, कुणाची वास्तुशांत, कुणाचा नवस. म्हातारी माणसं सव्वा रुपयाला अडून बसतात आणि पोरं कृष्णातच्या दारात येतात. मोनाची रीत सगळ्यांना पाठ झाली आहे: नाणं एकटं येत नाही, कृष्णात बसल्याशिवाय बाधतं. गडमुडशिंगीच्या एका घरानं तर न्यायला जीप पाठवली होती. पैसे विचारले तर तो अजून तेच सांगतो, चार आण्याला चार आणे, आणि ते नसले तर राहू दे. फळीवर कुकरांची रांग वाढत चालली आहे. बायका शिव्या देतात, पण जपून. त्यांच्या घरातही लग्नाच्या पोरी आहेत.

मला मात्र ते घर दिसतं. आत्याचं घर विजयसिंहानं भाड्यानं दिलंय, भाडं तोच खातो. परवा मी कृष्णातला धरला. म्हटलं, वकील बघितलाय, शुक्रवारी कोर्टात जाऊ, दावा ठोकू.

त्यानं फळीवरचा कुकर बाजूला सारून भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं.

"शुक्रवारी न्हाय जमायचं लीडर. शुक्रवारी दोन सुपाऱ्या हाईत, आनि दादा म्हणालाय दुसरीला गाडीनं सोडतो."