मॉनिटर काय म्हणत होती

मॉनिटर खेळात उघडउघड रडी खेळायची. पत्ते असोत की लगोरी, हरायची वेळ आली की कमरेवर हात ठेवून नवाच नियम जाहीर करायची आणि वर म्हणायची, "खेळ माहा, नियमबी माहेच!" यवतमाळच्या शाळेत ती आमच्या वर्गाची मॉनिटर होती. पुढे कचेरीत लागली, संसार झाला, मुलं मोठी झाली. पण कुसुम, सुनंदा आणि मी, आम्हा तिघींसाठी ती मॉनिटरच राहिली.

थंडी पडली की आम्ही चौघी शनिवार-रविवार घाटंजीजवळ सुनंदाच्या शेतावर जायचो. खोलीतला कापूस एका अंगाला सारायचा, तुरीच्या शेंगा उकडायच्या आणि खेळत सुटायचं. कोणी नुसतं बघत बसलेलं मॉनिटरला खपायचं नाही. कुसुमने गुडघ्यांचं नाव काढलं की म्हणायची, "मंग घरीच ठिवाचे होते नं वं! इथं कायले आणले?" आणि कुसुम त्याच गुडघ्यांनी लंगडी घालायची.

एका वर्षी अंताक्षरीत तिची जीभ अडखळली. पाठ असलेल्या गाण्याचे शब्द एकमेकांत गुंतले. आम्ही पोट धरून हसलो, तीही हसली. पुढच्या महिन्यात पुन्हा पुन्हा तेच व्हायला लागलं, तेव्हा भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, तिला नागपूरला घेऊन गेले. आजार नसांचा निघाला. हळूहळू एकेक अवयव थांबत जाणार होता आणि त्यावर औषध नव्हतं. मला फोन करून तिनेच सांगितलं, "सर्वात पयले जीभच चालली माही. देवालेबी समजते, माहं आधी काय बंद करा लागते ते."

पुढच्या हिवाळ्यात तिचं बोलणं कोणालाच कळत नव्हतं. गाण्यांचा विषय आम्ही तिघींनी टाळला. तिनेच टाळी वाजवली, ओठांवर बोट ठेवलं आणि दमशेराज मांडला. सिनेमाचं नाव हातवाऱ्यांनी दाखवायचं, तोंडातून आवाज काढायचा नाही. त्या दुपारी आम्ही सगळ्याच मुक्या होतो. ती जिंकली, वर रडीही खेळली. "हारलो बाप्पा, सांग आता!" असं सुनंदाने हात जोडून म्हटलं, तरी सोडेना. ओळखेपर्यंत पुन्हा पुन्हा करून दाखवत राहिली.

यंदा ती चाकाच्या खुर्चीतून आली. हातही गेले होते. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी हलायची. डोळे मिटले की 'हो', मान किंचित हलली की 'नाही'. आम्हाला मोकळेपणी बसता यावं म्हणून भाऊजी घाटंजीच्या बाजारात गेले.

आम्ही तिला उन्हात तुरीच्या शेताकडे तोंड करून बसवलं. थोड्या वेळाने तिची बोटं उचलली. आमच्याकडे वळली, मग शेताकडे, मग तिच्या छातीकडे.

"पाणी पाह्यजे?" मान हलली.

"ऊन लागून राह्यलं का?" नाही. "दुखते? घरी जाचं? पोरीले फोन लावू?" नाही, नाही, नाही.

बोटं पुन्हा तेच सांगू लागली. आधी आम्ही, मग शेत, मग ती. सुनंदा शेवटी तिच्या पायाशी बसली. "अवं, काय म्हणतं वं? आमाले समजून नाही राह्यलं." मॉनिटरच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. ते पुसण्यापलीकडे मला काही करता येईना.

मग कुसुमने भीतभीत विचारलं, "भूक लागली का?"

मॉनिटर आमच्याकडे बघत राहिली. आणि तिने डोळे मिटले.

ते उत्तर नव्हतं, हे आम्हाला तिघींनाही कळलं. ती आम्हाला सोडवत होती. सुनंदाने भाताची पेज आणली. मी चमच्याने भरवली आणि मॉनिटरने ती मुकाट्याने खाल्ली.

उन्हाळा लागता लागता ती गेली. तेराव्याच्या दिवशी पंगत उठल्यावर भाऊजी आमच्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "शेतावरून आली, तवापासून लय शांत होती. काय बोलली होती तुमच्यासंगं?"

मी कुसुमकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"लय बोलली, भाऊजी," सुनंदा म्हणाली.