नायक रज्जाकचा डावा पाय

उत्तर सीमेवरच्या त्या पोस्टवर माझी नेमणूक झाली तेव्हा माझ्या नोकरीला अकरा वर्षं झाली होती. हुद्दा हवालदार, ट्रेड नर्सिंग असिस्टंट. उंची चौदा हजार फुटांच्या वर. पोस्टवर आम्ही चोवीस जण. डॉक्टर खालच्या बेसला, म्हणजे हवामान साफ असेल तर सहा तासांच्या अंतरावर. मधल्या वेळात कुणाला काही झालं तर बघणारा मी एकटा.

लोकांना वाटतं, अशा ठिकाणी नर्सिंग असिस्टंट गोळीच्या जखमा बांधत असेल. त्या वर्षभरात मी एकही बांधली नाही. मी पाय बघितले. रोज १६:३० ला फूट इन्स्पेक्शन. बंकरमध्ये ओळीनं बसायचं, बूट आणि मोजे काढायचे, पाय पुढं. मी टॉर्च घेऊन प्रत्येकाच्या बोटांच्या बेचक्यात बघायचो. बेचकं ओलं राहिलं की चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सोलते, खाज सुटते. तिथं कोरडं पुसून पावडर. टाचेला भेग असेल तर व्हॅसलीन, पण ते बोटांच्या मध्ये नाही. नखं सरळ कापायची, कोपरे खोल कोरायचे नाहीत, नाहीतर नख मांसात घुसतं. फोड आला तर फोडायचा नाही. चालणं भागच असेल तर फोडाभोवती पट्टीची चकती करून मधे फोड मोकळा सोडायचा. बूट घालण्याआधी उलटा आपटायचा आणि आत हात घालून बघायचं. हे मी रोज बोलायचो. जवान माझ्यामागं पाढ्यासारखं म्हणायचे.

त्या ओळीत पहिला बूट काढायचा तो नायक रज्जाक नदाफ. माझ्याच जिल्ह्याचा. मी वळसंगचा, तो सोलापूर शहरातला. नवी पेठेच्या मागच्या गल्लीत त्याच्या वडिलांचं गाद्या भरायचं दुकान होतं. चालण्यात त्याचा हात धरणारा बटालियनमध्ये कुणी नव्हता. पाय पुढं करून म्हणायचा, "बघ बिराजदार, आरशासारखा हाय. तोंड बघून घे."

जानेवारीतली गोष्ट. सात जणांची पेट्रोल, म्हणजे गस्त, सकाळी ०७:०० ला निघाली. पेट्रोल लीडर नायब सुभेदार साहेब, रज्जाक सगळ्यांत पुढं, मी पाचवा. ०९:४० ला आम्ही गोठलेला नाला ओलांडत होतो. रज्जाकच्या खाली बर्फाचा थर फुटला आणि डावा पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला. त्यानं स्वतःच पाय ओढून काढला.

साहेबांनी विचारलं, "नदाफ, ठीक?"

"ठीक साब."

"बिराजदार, बघायचं का?"

मी तोंड उघडण्याआधी रज्जाक म्हणाला, "पाणी आत न्हाय गेलं साब. चला." पुढच्या खडकाजवळ आडोसा होता आणि तिथं पोचायला चाळीस मिनिटं लागणार होती. मी मान हलवली. बूट तिथंच काढायला लावायला हवा होता. मी नाही लावला.

१०:२५ ला खडकापाशी मी बूट काढला. मोजा बुटाला चिकटला होता. पाचही बोटं मेणासारखी पांढरी आणि कडक. मी दाबलं.

"कळतंय का?"

"न्हाय."

"आता?"

"कशाला इचारतोस? कायच कळत न्हाय."

अशा वेळी पाय चोळायचा नसतो, बर्फानं तर नाहीच. शेकोटीलाही धरायचा नाही. जो भाग बधिर आहे त्याला भाजलेलं कळत नाही. मी माझ्या जॅकेटच्या आत, बनियनखाली, पोटाच्या कातडीला त्याचा पाय लावला आणि वरून चेन ओढली. दोन जवान वाऱ्याच्या बाजूला बसले. साहेबांनी रेडिओ सेट घेतला.

"पोस्ट, पोस्ट, धिस इज पेट्रोल. वन कॅज्युअल्टी. कोल्ड इंजुरी. परत येतोय. ओव्हर."

"रॉजर. वॉकिंग ऑर स्ट्रेचर? ओव्हर."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. एकदा ऊब आलेल्या पायावर चालवलं तर तो कायमचा जातो. मी म्हणालो, "स्ट्रेचर."

तासाभरानं पायात आग सुरू झाली. रज्जाकनं हातमोजा दातात धरला. मला बरं वाटलं, कारण दुखणं म्हणजे रक्त परत येणं. मग सहा जणांनी पाळीपाळीनं त्याला साडेतीन तास वाहून आणलं. तो सगळा वेळ डोळ्यांवर हात घेऊन पडला होता. पाय शाबूत राहिला. बेसच्या डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. रज्जाकची दोन बोटं मात्र पुढंही बधिरच राहिली. मी कागदावर लिहिलं, 'बोटं वाचली.' मला त्या दोन शब्दांचा फार अभिमान होता.

पेन्शनवर आल्यावर आम्ही दोघंही सोलापूरला परतलो. मला चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या फर्स्ट एड रूममध्ये काम मिळालं. रज्जाक दुसऱ्या एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी गार्ड लागला. बारा तासांची ड्युटी, त्यातले दहा उभ्यानं. दोन्ही गेटांच्या मधे चहाची टपरी होती. रोज १४:१५ ला आम्ही तिथं भेटायचो.

तीन वर्षांपूर्वी त्याला शुगर निघाली. गोळ्या सुरू झाल्या. घ्यायचा, विसरायचा. चहा बिनसाखरेचा मागायचा आणि बशीत बिस्किटं बुडवायचा. मी रागवायचो, तो हसायचा. साखरेनं पायाच्या नसा मरतात, हे मला पुस्तकातून आणि हातातून, दोन्हीकडून माहीत होतं. त्याच्या डाव्या पायाच्या नसा तर आधीच अर्ध्या गेलेल्या. ज्याला शुगर आहे त्यानं रोज तळवा आरशात बघावा, घरातही अनवाणी फिरू नये, पाय गरम पाण्यात घालू नयेत, हेही मला माहीत होतं. मी ते माझ्या कारखान्यातल्या कामगारांना सांगत होतो. भिंतीवर तक्ता लावला होता. रज्जाकला मात्र त्या तीन वर्षांत एकदाही म्हणालो नाही, की बूट काढ, बघू दे. दोस्ताला चहाच्या टपरीवर कोण असं म्हणतं?

गेल्या एप्रिलात त्याला नवे सेफ्टी शूज मिळाले. पुढं लोखंडी टोपी असलेले. त्याचा नंबर दहा, मिळाले नऊ.

"आवळत न्हायत का?" मी विचारलं.

"कुटं आवळतात? लई भारी हायेत. कायच लागत न्हाय बघ."

मी बुटांची स्तुती समजून ऐकलं. चहा संपवला आणि परत कामावर गेलो.

पुढचं मला नंतर शाहीनवहिनीनं, त्याच्या बायकोनं सांगितलं. मेच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या डाव्या बुटात एक लोखंडी वायसर, नटाखाली घालतात ती चकती, पडला. पॅकिंगच्या बाजूला असे वायसर जमिनीवर पडलेलेच असतात. रज्जाकनं तो पायाखाली घेऊन बारा तासांची ड्युटी केली. घरी आल्यावर वहिनीला मोज्याला रक्त दिसलं. त्यानं स्वतः पाय बघितला तेव्हा तळव्याला रुपयाएवढी जखम होती. दुखत नव्हती, म्हणून छोटी असं त्यानं ठरवलं. हळद भरली. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेला. तिसऱ्या दिवशी पाय सुजला म्हणून मीठ घालून गरम पाण्यात ठेवला. पाणी किती गरम हे त्याला कळलं नाही. वरची कातडी सोलून निघाली.

वहिनी म्हणाली होती, "बिराजदारभाऊंना दाखवा की."

तो म्हणाला होता, "त्याला सांगू नकोस. मला दवाखान्यात टाकील आन् गेटवर दुसरा गार्ड उभा राहील."

अकरा दिवस तो गेटवर उभा होता. त्यातले नऊ दिवस माझ्याबरोबर चहा प्यायला. मी त्याच्यापासून दोन हात अंतरावर बसत होतो.

बाराव्या दिवशी, १४:२०. वर ऊन असं की डांबर मऊ झालेलं. मला वास आला. तो वास ज्यानं एकदा घेतलाय तो विसरत नाही. मी ग्लास खाली ठेवला.

"रज्जाक, बूट काढ."

"हितं? लोक हायेत."

"बूट काढ."

"आरं, सुटी झाल्यावर..."

"नायक नदाफ, बूट उतार!"

तो एकदम सरळ बसला. मग वाकून लेस सोडली. मोजा निघेना. मी खिशातल्या कात्रीनं कापला. दोन बोटं काळी पडली होती आणि तळव्यातली जखम आत कुठवर गेली होती ते दिसत नव्हतं. घोट्यापासून वर नडगीवर लाल पट्टा चढत होता. मी कपाळाला हात लावला. ताप होता.

"दुखतंय का?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"न्हाय की. म्हणून तर म्हटलं..." त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं.

१५:१० ला आम्ही शहरातल्या दवाखान्यात होतो. सर्जन तरुण होते, स्पष्ट बोलले. "बोटं आजच काढावी लागतील. आठवडाभर आधी आला असतात तर ड्रेसिंगवर भागलं असतं." त्यांनी ते रज्जाकला सांगितलं. ऐकलं मी.

त्या संध्याकाळी बोटं काढली. चौथ्या दिवशी गुडघ्याखाली पाय काढला. सही करताना रज्जाकनं विचारलं, "डॉक्टरसाब, ह्या पायाला सहा माणसांनी साडेतीन तास उचलून आणलं होतं. दुसरं कायच न्हाय का करता येणार?" डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नाही. ते म्हणाले, "नाही."

ऑपरेशननंतर दोन दिवस बरे गेले. तो बसून पेज प्यायला. मला म्हणाला, "आता तुला निम्मंच काम." सातव्या दिवशी पुन्हा ताप चढला. विष रक्तात गेलं होतं. मग किडनी थांबली. मी वॉर्डात बसून चार्ट वाचत होतो. आकडे मला कळत होते, त्यामुळं खोटी आशा धरायचीही सोय नव्हती.

आठव्या दिवशी वहिनी माझ्या शेजारी बाकावर बसली. मग म्हणाली, "भाऊ, ह्ये मिलिट्रीतलं सगळ्यांना सांगायचे. माझे पाय बिराजदारनं वाचवले म्हणायचे. तुमी तर रोज भेटत होता. तुमाला कसं न्हाय दिसलं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं.

नवव्या दिवशी सकाळी ११:२० ला नायक रज्जाक नदाफ गेला. वय एक्कावन्न.

दफन त्याच दिवशी झालं. त्याच्या थोरल्या भावानं मला बोलावून जनाज्याला खांदा द्यायला लावला. डाव्या बाजूला, मागं. वजन फारच कमी होतं. कबरस्तानात माती देऊन मी बाहेर आलो आणि रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. कुणीतरी पाणी दिलं.

त्यानंतर मी दर शनिवारी चिंचोळीतल्या गेटांवर जातो. गार्डना म्हणतो, बूट काढा, पाय दाखवा. हात घालून बुटाचं आतलं बघतो. बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो, हे सांगतो. मोजे दोन जोड ठेवा, दुपारी बदला. शुगर असेल तर कुरूप ब्लेडनं कापू नका, कुरुपाचं औषधही लावू नका. तळव्याला काहीही दिसलं, दुखत नसलं तरी, त्याच दिवशी डॉक्टर. दुखत नसेल तर आधी डॉक्टर.

काहीजण दाखवतात. बरेच जण हसतात. एक सुपरवायझर म्हणाला, "काका, ड्युटीच्या टायमात हे नको." मागच्या महिन्यात एका गार्डनं बूट काढायला साफ नकार दिला. त्याच्या चालण्यावरून मला कळलं होतं. मी ओरडलो, विनवलं. तो माझा जवान नव्हता. दोन शनिवार झाले, त्याच्या जागी दुसराच उभा आहे. पहिल्याचं काय झालं ते कुणाला माहीत नाही.

माझं समाधान व्हावं म्हणून लोक म्हणतात, इतक्यांना सांगता, एखादा तरी वाचेल. वाचला असेलही. मला रज्जाक सोडून कुणाचा हिशेब लागत नाही.

यंदा माजी सैनिकांचा मेळावा शहरातल्या एका सभागृहात झाला. जिल्ह्यातल्या शहीद जवानांची नावं वाचली गेली. प्रत्येक नावाला सभागृह सावधानमध्ये उभं होतं. यादी संपली, 'विश्राम' झालं, लोक बसले. त्यानंतर मला दोन मिनिटं बोलायचं होतं. विषय दिला होता, 'सेवाकाळातील एक प्रसंग'. मी लिहून नेलं होतं. माईकपुढं उभा राहिलो आणि कागद उघडलाच नाही.

मी म्हणालो, "नायक रज्जाक नदाफ. राहणार नवी पेठ, सोलापूर."

मागच्या दोन रांगांतले म्हातारे जवान, यादी अजून चालू आहे असं समजून, पुन्हा उभे राहिले. एकाला काठी होती. त्यानं ती खुर्चीला टेकवली आणि हात पँटच्या शिवणीला लावले.

सूत्रसंचालक जवळ येऊन हळूच म्हणाले, "हवालदार साहेब, हे नाव आपल्या यादीत नाही."

"माहीत आहे," मी म्हणालो.

ते म्हातारे उभेच होते. मीही माझे हात शिवणीला लावले.