स्टॅटचा पेपर आणि टँकरची रांग

टँकर येईपर्यंत घागरी साचत जातात, तसे स्टॅटचे किस्से साचलेत माझ्याकडं. दादा गेल्यापासून त्याचे मित्र बसायला येतात आणि तेच सांगतात. रडायला येतात अन् हसून जातात!

उस्मानाबादेतून फुटून लातूर नुकतंच जिल्हा झालेलं. नव्या कचेऱ्यांत आकडेमोड येणाऱ्यांना नोकऱ्या निघणार, अशी हवा होती. म्हणून माझा थोरला भाऊ महालिंग, कंधारचा माधव आणि उदगीरचा बसू, तिघांनी सांख्यिकी, म्हणजे स्टॅट, घेतली. माझी शाळा कधीच सुटलेली. मी खोलीवर तिघांच्या भाकरी थापायचो.

पहिल्याच चाचणीत तिघंही आपटले. बसू म्हणाला, "जिल्हा झाला म्हणून विषय घेतला. आता जिल्हा उस्मानाबादला वापस द्या म्हणावं!"

* * *

स्टॅटच्या तासाआधी माधवच्या पोटात कळ यायची. डॉक्टरनं पोट दाबून विचारलं, "काय खाल्लंस?"

"खाल्लं न्हाई, साहेब. अकराला तास हाय!"

* * *

सर फळ्यावर सरासरी पाऊस काढत होते. बसू उभा राहिला. "सर, ह्यो सरासरी पाऊस कोण्या गावात पडतो? घागरी घेऊन जातो आम्ही!"

* * *

तेव्हा दुष्काळ होता. टँकरच्या रांगेत माणूस थांबत नसे, त्याची घागर थांबे. घागर ठेवली की जागा त्याची. कुणी हात लावत नसे.

बसूनं ही रीत वर्गात आणली. बाकावर पिशवी ठेवायची आणि स्वतः हॉटेलात चहाला!

सर म्हणाले, "पिशवीची हजेरी लावलीय. परीक्षेलाही तिलाच बसवा!"

* * *

इतर पेपरांना दादा कपाळावर भस्माची तीन बोटं ओढायचा. स्टॅटला सगळं कपाळ पांढरं! सर म्हणाले, "महालिंग, तोंड धुऊन ये. ओळखू येईना."

तरी तो अर्ध्या तासात पेपर सोडून पळालाच. नापास झाला.

पुढच्या साली मला म्हणाला, "पास-नापास मागून बघू. पण ह्या टायमाला शेवटच्या घंटेपर्यंत बसणार बघ."

पेपरच्या तोंडावर त्याला कावीळ झाली. त्यातच गेला.

* * *

पेपरच्या दिवशी मी पाण्याला निघालो होतो. डोक्यात काय आलं, घागर घेऊन सरळ परीक्षेच्या हॉलमध्ये शिरलो. रिकामा बाक एकच होता. त्यावर घागर ठेवली.

शिपाई धावला. "ए, उचल ती!"

सर मधे आले. माझ्याकडं बघितलं, घागरीकडं बघितलं. मग दादाची प्रश्नपत्रिका घागरीखाली सारली, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

मी दाराबाहेर बसलो. अर्ध्या तासाची घंटा झाली, तसा शिपाई गैरहजराचा पेपर उचलायला पुन्हा घागरीकडं गेला.

सर म्हणाले, "हात लावू नको. पेपर सुटायचा आहे अजून."