सहाव्या दिवसाचा सिनेमा

चूक माझी होती आणि तिची माफी माझ्या वहिनीने मागितली. मी ती मुकाट्याने घेतली आणि मस्कतला निघून गेलो.

हे घडलं रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर, मुंबईच्या गाडीच्या पायरीशी. मी एकवीस वर्षांचा होतो. पासपोर्ट शर्टाच्या आत, पोटाशी बांधलेला. आई घरातच बसून राहिली होती, वहिनी एकटी पोचवायला आली होती. सुक्या बांगड्यांची पुडी तिने माझ्या हातात दिली आणि खाली बघत म्हणाली, "भाऊजी, तुमचा भाऊ माझ्यामुळे गेला. लांब जाताय, मनात काय ठेवू नका." मी म्हणालो, "असू दे, वहिनी." तेवढंच म्हणालो. गाडी सुटली तेव्हा ती हात हलवत नव्हती, नुसती उभी होती, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. सगळ्यात जास्त लाज मला त्याचीच वाटते.

माझा मोठा भाऊ वसंत, आमचा दादा, मिरकरवाड्यातल्या एका बोटीवर तांडेल होता. बोट त्याच्या हुकमावर चालायची. पहाटे जायची आणि संध्याकाळी परत यायची. बोटीवर वायरलेस होता आणि बंदरावरच्या खोलीत दुसरा. दुपारभर त्या दुसऱ्या सेटपाशी बसून बोटींचे निरोप घ्यायचे हे काम माझं. बोटीवरच्या इंजिनाचा डायनॅमो बिघडलेला होता, म्हणून वायरलेसची बॅटरी रोज बाजारात चार्जिंगला द्यावी लागे. ती चार्ज करून, डोक्यावर चुंबळ ठेवून पहाटे जेटीवर पोचवायचं काम वहिनीचं.

त्या दिवशी दुपारी वारा सुटला. बाकीच्या बोटी लवकर आत आल्या. दादाच्या बोटीचं जाळं पंख्यात अडकलं, इंजिन बंद पडलं आणि बोट खडकांकडे सरकू लागली. खलाशी वायरलेसवर हाका मारत राहिले. बंदरातून एक बोट निघाली असती तरी अर्ध्या तासात पोचली असती. उत्तर आलं नाही. शेवटी दादा कोयती घेऊन पाण्यात उतरला. जाळं त्याने कापलं, बोट वाचली. तो वर आला नाही. पुढेही कुठे किनाऱ्याला लागला नाही.

मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मी सेटपाशीच बसलो होतो. आवाज आला नाय."

मी बसलो होतो हे खरं. पण त्या आठवड्यात पूजेच्या निमित्ताने खोलीत भाड्याचा व्हिडिओ आणला होता. रोज संध्याकाळी सगळ्या गड्यांसाठी एक सिनेमा लागे. त्या दुपारी, सहाव्या दिवशी, मी एकट्यानेच संध्याकाळची कॅसेट आधी लावून पाहिली, आणि सेटच्या खरखरीने ऐकू येईना म्हणून सेटचं बटण फिरवून आवाज पार बंद केला. सिनेमा संपल्यावर परत मोठा केला, तेव्हा नुसता वारा ऐकू येत होता.

माझं उत्तर ऐकून लोकांनी आपसात ठरवलं, की बॅटरी कमी चार्ज झाली असणार. बॅटरी कोणी आणली होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. आई तेरा दिवस गप्प होती. चौदाव्या दिवशी बोलली, "हिच्या हातात आता काय देऊ नका."

मस्कतला मी एकोणतीस वर्षं काढली, मासळीच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये. उणे अठरा अंशांच्या खोलीतून बाहेर पंचेचाळीसच्या उन्हात, दिवसातून वीस वेळा. माझ्यासोबत जे होते त्यांना हे वाचताना ती खोली आठवेल. सहा माणसं, एकच एसी, अरबाबच्या, म्हणजे मालकाच्या, घरून आलेली खुबूस रोटी आणि शुक्रवारी दुपारी सगळे मिळून पाहायचे तो मल्याळी सिनेमा. सिनेमा सुरू झाला की मी कपडे धुवायला उठायचो. "याला पडद्याची ॲलर्जी आहे," असं म्हणायचात तुम्ही. मी हसायचो. एसीची घरघर मध्येच थांबे तेव्हा मी दचकून उठे आणि कोणी हाक मारली का, म्हणून विचारी. तेही तुम्हाला आठवत असेल.

आता कायमचा परत आलो आहे. आई गेली. घरात वहिनी एकटी आहे, लोकांची जाळी विणून देते. निघताना अरबाबने मोठा टीव्ही दिला होता, तो मी भिंतीवर लावला. वहिनी त्याच्याकडे लांबूनच बघत राहिली. रिमोट पुढे केला तर तिने हात पदरात घेतले. तिचा साधा मोबाईलसुद्धा शेजारची बाई चार्ज करून देते, हे मला तेव्हा कळलं. "मी लावला तर होत नाय वो," ती सहज म्हणाली, जणू एखाद्याला पोहता येत नाही तसं.

सोमवारी दुपारी जेवण झाल्यावर तीच म्हणाली, "भाऊजी, या टीव्हीत जुने सिनेमे मिळतात म्हणे. रोज एक दाखवाल?"

ऊन नको म्हणून खिडक्या लावून घेतल्या. तिला काळापांढरा, देवाचा हवा होता. नाव माहीत नव्हतं, गोष्ट माहीत होती. शोधून लावला. ती भिंतीला टेकून बसली आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की तिचे ओठ हलतायत. पडद्यावरचा माणूस बोलायच्या जरा आधी.

"पाहिलायस का हा?"

"मी? मी कधी थेटरात गेल्ये?"

मंगळवारी विनोदी लावायला सांगितला. बायकोच्या धाकाने नवरा पोटमाळ्यावर लपतो, तो. विनोद व्हायच्या आधीच ती हसायची. अंधारलेल्या खोलीत, पडद्यावर कोणीच हसत नसताना, एकटी. बुधवारी तिने दरोडेखोराचा मागितला. देवाचा, विनोदी, दरोडेखोराचा. त्या पूजेच्या आठवड्यातल्या कॅसेटी बाजारातून मीच आणल्या होत्या. क्रम तोच होता.

दरोडेखोर शेवटी नदीकाठी मेला, अक्षरं वर गेली, पडदा काळा झाला. वहिनी उठेना.

"संपला, वहिनी."

"थांबा जरा. येईल तो."

"कोण?"

"हाच. मरत नाय हा. घरी येतो, बायको दार उघडते, मग संपतो."

आम्ही दोघं त्या काळ्या काचेकडे बघत बसलो. काचेत आमची अंगं धुरकट दिसत होती आणि आमच्या मागे बंद दार. मी मागे वळून पाहिलं नाही. ते जमलंच नसतं.

गुरुवारचा रडका होता. ती रडली नाही, मीच सारखा दाराकडे बघत होतो. मला वाटू लागलं होतं, हिला सगळं ठाऊक आहे. एकेक दिवस पुढे सरकत ही मला सहाव्या दिवसाकडे घेऊन चालली आहे. पळून जायचं तर आता मस्कतही उरलं नव्हतं.

शुक्रवारचा इंग्रजी निघाला, बर्फाच्या मुलखातला. ती मला समजावून सांगू लागली. "हा आपल्या हरवलेल्या बहिणीला शोधत आलाय. तीच ती, लाल टोपीवाली." पुढच्याच मिनिटाला त्याने लाल टोपीवालीचं चुंबन घेतलं. वहिनीने पदर तोंडाला लावला. "अगो बाय! ही कसली बहीण?" ती इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. पुसत म्हणाली, "इंग्रजी कुठे कळत होतं ह्यांना! काय वाट्टेल ते सांगितलं मला."

"दादाने?"

"मग कोणी? बायका नाय जायच्या त्या खोलीत. हे रोज बघून यायचे आणि जेवताना मला सगळा सांगायचे. रडून, ओरडून, नाचून. पाच सांगितले." तिने बोटं मोजली नाहीत, नुसता पंजा उघडून धरला. "दरोडेखोर मेला असं सांगवलं नसेल ह्यांना. मी तेव्हा पोटुशी होते ना, मग पडलं ते."

हे मला माहीत नव्हतं. तिच्या पोटातलं मूल गेलं हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही तिच्याबद्दल कधी काही विचारलं नव्हतं.

"सहावा राहिला," वहिनी म्हणाली. "कॅसेटी तुम्हीच आणायचात. कुठला होता हो?"

भुताचा होता. मी सांगितलं. खोटंही सांगता आलं असतं.

शनिवारी तिने लवकर जेवायला वाढलं. सिनेमा जुना आहे, आज पाहिला तर भूत कापडाचं दिसतं. पण खोलीत उकडत असूनही माझे हात कोल्ड स्टोअरेजमध्ये असल्यासारखे गार पडले होते. एक सून जिन्यात उभी असते आणि वरून कोणीतरी तिला नावाने हाक मारत असतं. वहिनी श्वास धरून पुढे झुकली होती. तिचे ओठ आज हलत नव्हते. पुढचं तिला ठाऊक नव्हतं.

ती घाबरेल म्हणून माझ्या तोंडून गेलं, "आता दार आपटेल हां."

दार आपटलं. वहिनी दचकली नाही. माझ्याकडे वळली.

"पाहिलाय तुम्ही."

"हो."

"कधी? मस्कतात तर बघत नव्हता म्हणता."

"त्याच्या आधी."

"त्या संध्याकाळी तर खोलीला कुलूप होतं. सगळे जेटीवर होते." मागे पडद्यावर ती बाई अजून हाक ऐकत उभी होती. "भाऊजी, कधी पाहिलात?"

रत्नागिरी सोडून गेलेल्यांना विचारलं तर ते घर म्हणजे समुद्राचा वास सांगतील, आईच्या हातचं सार सांगतील. मीही इतकी वर्षं तेच सांगत आलो. पण घर म्हणजे मला वाटतं ती जागा, जिथे तुम्ही केलेलं दुसरं कोणीतरी रोज भोगत असतं, तुमच्या ताटात वाढून झाल्यावर. त्या शनिवारी दुपारी मी पहिल्यांदा घरी होतो.

मी सिनेमा थांबवला. म्हणालो, "त्याच दुपारी पाहिला, वहिनी. सेटचा आवाज बंद करून. मधेच सेटवरचा दिवा लुकलुकला. कोणी बोलत असलं की तो तसा लागायचा. मी बघितला तो, आणि परत पडद्याकडे बघितलं. ते लोक हाका मारत होते. त्यांचा आवाज बंदरापर्यंत येत होता. बॅटरी भरलेली होती. पूर्ण भरलेली होती."

तिने आपले दोन्ही तळवे मांडीवर उलटे केले आणि त्यांच्याकडे पाहत राहिली, एखाद्या दुसऱ्या बाईचे असावेत तसे. मग विचारलं, "पूर्ण?"

"पूर्ण."

"तुमच्या आईला माहीत होतं?"

"नाही. कोणालाच नाही."

"मग स्टँडवर मी बोलले, तेव्हा तुम्ही..."

"हो."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. पायाला हात लावणार होतो, पण तिने पाय मागे घेतले आणि ते बरोबर होतं. म्हणून हात माझ्याच गुडघ्यांवर ठेवून मी म्हणालो, "वहिनी, दादा तुझ्यामुळे गेला नाही. माझ्यामुळे गेला. आणि तुला मी तीस वर्षं त्यात ठेवलं. मला माफ कर, असं म्हणायला मी फार उशिरा आलो आहे. तू माफ केलं नाहीस तरी चालेल. पण चूक माझी होती, हे मी उद्या जेटीवर जाऊन सगळ्यांना सांगेन. आज पहिल्यांदा तुला सांगतो. माझं चुकलं."