दादाच्या पुढे चालणं

दादाची सही बँकेत जुळेना, तेव्हा आम्ही पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेलो. तळोज्याच्या कारखान्यात आयुष्यभर यंत्रांची ड्रॉइंग काढलेला माझा मोठा भाऊ, आणि त्याचं अक्षर बारीक होत होत वाचता येईनासं झालं होतं. आमच्या वडिलांना कंपवात होता, त्यामुळे दादालाही तोच झाल्याचं ऐकून घरात कोणी दचकलं नाही. वहिनीने फक्त विचारलं, "गोळ्या जेवणाआधी की नंतर?"

वडील आणि मुलगा दोघांनाही हा आजार, म्हणून डॉक्टरीणबाईंनी दादाची जनुकीय तपासणी करून घेतली. एका जनुकात दोष सापडला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा पंचेचाळिशी ओलांडली होती, कामोठ्यात गणिताचे क्लास घेत होते, हात स्थिर होते. तपासणी करावी की नाही यावर मी फार रात्री जागवल्या नाहीत. न सुटलेलं गणित ठेवून झोपायची मला सवय नाही. माझ्यातही तोच दोष निघाला.

"याचा अर्थ आजार होणारच असा नाही," बाई म्हणाल्या. "धोका इतरांपेक्षा जास्त, एवढंच."

"मग मी काय करायचं?"

"चालायचं. भरभर, दम लागेल असं."

माझ्यासारख्या, म्हणजे दोष असलेल्या पण अजून धडधाकट असलेल्या लोकांसाठी त्यांच्याकडे एक प्रयोग चालू होता. मोबाइलमध्ये अ‍ॅप आणि मनगटावर एक पट्टा. किती चालायचं, कोणत्या वेगाने, हे फोन सांगणार आणि हळूहळू वाढवत नेणार.

"याने आजार टळेल?"

"ते आम्हालाही माहीत नाही. म्हणून तर बघतोय."

हे उत्तर मला आवडलं. मी सही केली.

दादा रोडपालीला राहायचा आणि सकाळी तळ्याभोवती फिरायचा. मी स्कूटरवरून तिथे जाऊ लागले. त्या दिवसांत विमानतळासाठी उलव्याकडे डोंगर फोडत होते. त्याविषयी, निवृत्त झालेल्या त्याच्या सोबत्यांविषयी आम्ही बोलत चालायचो. दादाचा उजवा पाय घासत यायचा. मध्येच दोन्ही पाय जमिनीला चिकटायचे. मग मी माझं पाऊल त्याच्यापुढे आडवं ठेवायचे, ते ओलांडायच्या निमित्ताने तो सुटायचा आणि पुन्हा चालू लागायचा.

फोनला हे पसंत नव्हतं. काही आठवड्यांनी हॉस्पिटलमधून एका मुलीचा फोन आला. "मॅडम, तुम्ही रोज चालताय, पण स्पीडच येत नाहीये. गुडघ्यांचा वगैरे त्रास आहे का?" मी नाही म्हणाले. दादाला काही सांगितलं नाही.

पण एक दिवस मी इयरफोन घरी विसरले आणि खिशातल्या फोनमधून अ‍ॅपमधल्या बाईचा आवाज मोठ्याने आला, "गति बढ़ाइए." अ‍ॅपला मराठी येत नव्हतं. दादा थांबला.

"ही रोज तुला असं सांगते?"

"सांगते."

"आणि तू माझ्यासाठी रेंगाळतेस."

मी फोन काढून आवाज बंद केला.

"अगं, मला व्हायचं ते झालंय. तुला अजून झालेलं नाही. माझ्या चालीने तू कशाला चालतेस? जा पुढे."

मी गेले. तळ्याला वळसा घालून मागून आले तेव्हा दादा लांबून पाठमोरा दिसला. पुढे झुकलेले खांदे, अंगाशी चिकटलेला हात. हुबेहूब वडील. शेजारून चालताना हे मला कधी दिसलंच नव्हतं. पाय मात्र तसेच चालत राहिले. त्याच्या बाजूने जाताना तो म्हणाला, "आता कशी बरोबर निघालीस."

पुढे आमचं हेच सुरू झालं. त्याची एक फेरी व्हायची तेवढ्यात मी त्याला दोन-तीनदा गाठायचे आणि दर वेळी एखादं वाक्य बोलून पुढे जायचे.

पावसाळ्यानंतर एका सकाळी मी पलीकडच्या काठावर असताना तो पडला. मी धावत पोचले तोवर कडेला भाजी घेऊन बसणाऱ्या आगरी बाईने त्याला कठड्यावर बसवलं होतं. "काय नाय झालं त्यांना," ती मला म्हणाली. "नुसतं खरचटलंय. तुमी घाबरू नका."

वहिनी मात्र चिडली. "एकटं सोडायचं होतं तर यायचंच कशाला?"

"मीच पाठवलं तिला," दादा म्हणाला. "तुला एवढी काळजी वाटते तर तू ये."

वहिनी दुसऱ्या दिवशी खरोखर आली, साडीवर नवे कॅनव्हासचे बूट घालून, तोंड फुगवून. आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. पण मग पाऊल आडवं ठेवायची युक्ती तिने मला विचारून घेतली आणि नंतर ते काम तिचंच झालं.

प्रयोग संपला तेव्हा मी मनगटावरचा पट्टा परत केला. माझ्यात आजाराची खूण दिसली नाही. ते चालण्यामुळे की असंच, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही आणि त्यांना सांगता येणारही नव्हतं. दादाचं तळ्यावर येणं पुढे दोनेक वर्षांत बंद झालं. आता तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो, बोलणं फार हळू झालंय, कान जवळ न्यावा लागतो. मी सकाळी भरभर चालते आणि मग त्याच्याकडे चहाला जाते. दादाचा कप वहिनी धरते.