फेरेनाचा आठवडा

नेकार नदीकाठच्या त्या गावात माणसाची परीक्षा जिन्यावर होते. दारावर लाकडी पाटी लटकली की त्या आठवड्यात त्या घराने जिना झाडायचा, पुसायचा. आठवडा संपला की पाटी पुढच्या दारावर. तळमजल्यावरच्या हेबर्लेबाई कठड्यावरून बोट फिरवून निकाल देतात. फेरेनाने पाच वर्षं हा जिना झाडला, दिवस भरत आले होते तेव्हाही झाडला. तिच्या नवऱ्याला, तिलमानला, झाडू कुठल्या कपाटात असतो हेसुद्धा माहीत नव्हतं.

फेरेना ऑर्गनच्या नळ्यांना आवाज देणारी कारागीर. नळीच्या फटीच्या ओठापाशी चाकूने किंचित कोरायचं, फुंकायचं, ऐकायचं, पुन्हा कोरायचं. लेकीच्या, फ्रीडाच्या, जन्माआधी एका चर्चच्या नळ्यांची ओळ तिच्या हातून अर्धी राहिली होती. हिवाळ्यात ऑर्गन कारखान्याच्या एबर्लेमालकांचा फोन आला. ईस्टरला ऑर्गन वाजलाच पाहिजे, एक मार्चपासून आठवड्यातल्या तीन सकाळी येणार असशील तर ये, नाहीतर उरलेली ओळ उल्म शहरच्या माणसाला देतो. अर्धी ओळ आपल्या कानाची आणि अर्धी परक्याच्या कानाची, हे तिला चालणारच नव्हतं. ती लगेच हो म्हणून बसली.

इथेच चूक झाली, आणि ती या देशात दर दुसरी आई करते. पालकांना मिळणाऱ्या भत्त्याचा महिना कॅलेंडरवरून चालत नाही, बाळाच्या जन्मतारखेवरून चालतो. फ्रीडा वीस तारखेची. म्हणजे एक मार्चला कामावर गेलं की वीस फेब्रुवारीपासूनचा महिनासुद्धा कमाईचा धरणार आणि त्यालाही कात्री लागणार. तिलमान मोटारींच्या सुट्या भागांचे आराखडे काढतो, त्याला असलं गणित नीट जमतं. त्याने ते कागदावर मांडून दाखवलं. वीस मार्चपर्यंत थांब म्हणाला. भत्त्याच्या कार्यालयातली बाईही फोनवर गोड आवाजात तेच म्हणाली; शिवाय पाळणाघर आणि पेट्रोल वजा केलं तर घरी बसण्यात फारसा तोटा नाही, हेही तिने आपणहून सुचवलं.

"तोटा माझ्या कानाचा आहे, तो यात कुठे धरलाय?" फेरेनाने कागद उलटा केला. "आणि पाळणाघर कशाला हवं? तुझे दोन महिने आहेत ना."

तिलमानने कागद पुन्हा सुलटा केला. बापाच्या वाट्याचे ते रजेचे दोन महिने त्याने उन्हाळ्यासाठी राखून ठेवले होते. आत झोपायची सोय असलेली भाड्याची मोटार, इटली, तलावाकाठी फ्रीडाचे फोटो. कचेरीतल्या सगळ्यांनी तसंच केलं होतं.

"ते आपल्या तिघांसाठी होते गं," तो म्हणाला.

"इटली कुठे पळून जात नाही. ओळ जातेय."

त्याचं तोंड दोन दिवस फुगलेलं होतं. मग मुकाट्याने त्याने साहेबाला अर्ज दिला.

बातमी जिन्यावर पोचायला कितीसा वेळ लागतो! हेबर्लेबाईंनी फेरेनाला कचऱ्याच्या डब्यांपाशी गाठलं. दूध पिणारं लेकरू टाकून जाणाऱ्या आईला आमच्या वेळी एकच शब्द होता, म्हणाल्या, आणि तो उच्चारूनही दाखवला: डोमकावळी, पिल्लं घरट्यात टाकून उडून जाणारी. इथे हा शब्द आईच्या जिव्हारी लागतो, आणि म्हणूनच तो वापरतात. फेरेनाला राग आला, रडूही आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला. तरी एक तारखेला सात वाजता चाकूंची पेटी घेऊन ती निघालीच. मागे फ्रीडा रडत होती. ती वळली नाही.

पहिल्या दिवशी कान बोथट वाटला. तिसऱ्या सकाळी एका नळीने खरखर सोडून स्वच्छ सूर धरला, आणि एबर्लेमालक पुढची नळी तिच्या हाताशी ठेवून गेले. ती ओळ आता तिचीच होती.

त्या दुपारी ती घरी आली तर पाटी तिच्याच दारावर, आणि जिना लखलखत होता. फ्रीडाला पाठीशी बांधून तिलमान शेवटची पायरी पुसत होता. आपल्या दारात हेबर्लेबाई उभ्या, हातात सफरचंदाचा अख्खा केक, अजून कोमट.

"बिचारा," त्या फेरेनाला म्हणाल्या, "बाळ सांभाळून जिना पुसतो. असा पुरुष आजकाल मिळत नाही. त्याच्यासाठी केलाय हो."

तिलमान लाजून हसला आणि हात पुढे करणार, तेवढ्यात फेरेनाने केकचं ताट घेतलं. पेटी उघडून तिने धुतलेला चाकू काढला आणि जिन्यावरच बसली.

"हेबर्लेबाई, पाच वर्षं हा जिना मी झाडला. पोट पुढे आलं होतं तेव्हाही झाडला. मला एक बिस्कीटसुद्धा आलं नाही."

बाईंनी ताट परत घ्यायला हात पुढे केला.

"भत्ता सरकारने कापला," फेरेना म्हणाली, "केक मी कापते."

तिने सगळ्यात मोठा तुकडा स्वतःला घेतला आणि हेबर्लेबाईंच्या डोळ्यांदेखत, सारा चुरा पुसलेल्या पायरीवर सांडत, शेवटच्या घासापर्यंत खाल्ला.