नुसता दाब

अण्णाकाका आज सकाळी माझंच वाक्य बोलत गेले.

माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. बँकेतून रिटायर, घर माधव नगरात, आवाज टावर चौकापर्यंत.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात ओटी टेक्निशियन आहे. गेल्या हिवाळ्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आमच्याकडेच झालं. सुईला फार घाबरायचे.

मी म्हटलं, "सुई नाहीच काका. नुसते ड्रॉप्स. डोळा बधिर होतो, तुम्ही जागे असता."

"अन् दुखलं तर?"

"बोलायचं नाही, हलायचं नाही. माझा हात दाबायचा. मी डॉक्टरांना सांगीन."

ऑपरेशन अर्ध्यावर असताना त्यांनी हात दाबला.

जोरात.

ड्रॉप्सनी डोळ्याचा वरचा भाग बधिर होतो. आत कधीकधी जाणवतं. अशा वेळी डॉक्टर थांबून आत थोडं औषध सोडतात. फक्त त्यांना सांगावं लागतं.

मी सांगितलं नाही.

माझे काका, मीच आणलेले. त्यांच्यासाठी सगळ्यांना थांबवायचं मला ऑकवर्ड वाटलं.

वाकून म्हटलं, "दुखत नाहीये काका. नुसता दाब आहे."

त्यांनी हात सैल सोडला.

नजर उत्तम आली. मग चौकात पोहे खाताना भेटेल त्याला ऐकवायचे, "सुई नाही, टाका नाही, पट्टी नाही! अन् दुखणं वेगळं, दाब वेगळा. आमच्या गुड्डीने शिकवलंय."

आज सकाळी छातीवर हात ठेवून बसले होते. काकू म्हणाली, "अहो, गुड्डीला फोन लावते."

"कशाला उगीच? दुखत नाहीये गं. नुसता दाब आहे. तिलाच विचार फरक."

चहा मागितला. काकू कप घेऊन आली तेव्हा ते गेले होते.

छातीतला असा दाब म्हणजेच दुखणं. हे मला माहीत होतं. त्यांना मी उलटं शिकवलं.

सकाळपासून सगळे हे कौतुकाने सांगताहेत. "शेवटपर्यंत तुझंच नाव होतं, बेटा." फॅमिली ग्रुपवरही तेच फिरतंय, खाली जोडलेले हात.

प्लीज, फॉरवर्ड करू नका.

काकूला मघाशी सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "त्यांनी हात दाबला होता?"

हो. दाबला होता.

काका, तेव्हा दुखतच होतं. तुमचं बरोबर होतं.

शेवटचा नमस्कार.